वल्हांडणानंतरचें स्वयंपाकघर

विरार स्थानकाच्या पश्चिमेस समुद्राकडे जाऊं लागलें कीं आगाशी लागते. केळीच्या बागा आणि वाळवलेलीं सुकेळीं यांसाठीं या गांवाचें नांव पूर्वापार प्रसिद्ध आहे. जवळच सोपारें. शलमोन राजाला सोनें पुरविणारें ओफीर बंदर तें हेंच, असा तर्क कांहीं विद्वानांनीं पूर्वीं मांडला होता. तो सिद्ध झालेला नाहीं. पण अशा कथांमुळें यहुदी म्हटला कीं सोनें, हस्तिदंत व मोर यांनीं भरलेलीं गलबतें डोळ्यांपुढें येतात. खरे यहुदी मात्र खाड्या ओलांडून दक्षिणेस, अलिबाग, पेण, पनवेल या बाजूस तेलाचे घाणे चालवीत होते, तांदळाची भाकरी खात होते आणि मराठी बोलत होते. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचें स्वतःचें नांव बेने इस्रायल. त्यांच्या वर्षांतला मोठा सण आटोपल्यावर स्वयंपाकघर पुन्हां रोजच्या वळणावर कसें येतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

स्वयंपाकघर बंद करणें आणि उघडणें ही गोष्ट आगाशीच्या लोकांना नवी नाहीं. हिंदूच्या घरीं एकादशी झाली कीं पारणें असतें. आगाशीचें जैन मंदिर यात्रेकरूंना परिचित आहे. जैनांच्या घरीं पर्युषणांतील उपवासांचें पारणें मोठ्या विधिपूर्वक होतें. वसईकडील ख्रिस्ती घरांत चाळीस दिवसांच्या उपवासकालानंतर ईस्टरचें जेवण होतें. परंतु या सर्व व्रतांत उपास घडतो तो माणसाला. यहुद्यांच्या वल्हांडणांत माणूस यथास्थित जेवतो. मटण, भात, गोडधोड सर्व चालतें. तेथें उपास घडतो तो स्वयंपाकघराला.

मराठी बायबलांत या सणाला ‘वल्हांडण’ आणि त्या दिवसांतील पोळीला ‘बेखमीर भाकर’ म्हटलें आहे. मिसर देशाच्या गुलामगिरींतून निघतांना कणीक फुगण्यापुरतीहि सवड मिळाली नाहीं, तशीच भाकर भाजून वाट धरावी लागली, त्या रात्रीची ही आठवण. हा सण साधारणतः चैत्राच्या सुमारास, निसान महिन्याच्या पौर्णिमेला लागतो. नियम दिसावयास सोपा आहे. गहूं, जव आणि त्यांच्या कुळांतील आणखी तीन धान्यें यांच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आंत तें भाजलें गेलें नाहीं, तर तें खमीर झालें असें समजतात. असें खमीर सणाच्या दिवसांत खावयाचें नाहींच. पण तें घरांत असूं नये, इतकेंच काय, आपल्या मालकीचेंहि असूं नये. म्हणून आदल्या रात्रीं दिवा हातीं घेऊन घराचे कोनेकोपरे शोधतात आणि सांपडलेले तुकडे दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाळून टाकतात.

आपल्या गृहिणींना हें समजण्यास कुरडईचें उदाहरण पुरेसें आहे. कुरडईसाठीं गहूं तीन दिवस भिजत घालावा लागतो. रोज पाणी बदलावें लागतें. त्याला आंबूस वास सुटला म्हणजे तो वाटून चीक काढावयाचा. यहुदी धर्मशास्त्राच्या दृष्टीनें याहून अस्सल खमीर शोधूनहि सांपडणार नाहीं. आणि गंमत अशी, कीं वर्षाची बेगमी करण्याचे दिवस आणि वल्हांडणाचे दिवस जवळ जवळ एकच. ज्या बेने इस्रायल घरीं कुरडया करण्याची चाल असेल तेथें गहूं भिजत पडावयाचा तो सण उलटल्यावरच. आणि गतसालच्या कुरडया डब्याच्या तळाशीं उरल्या असतील तर त्या सणापूर्वीं तळून मुलांच्या हातावर ठेवणें एवढाच मार्ग. मुलांची त्याला कांहीं हरकत असेल असें वाटत नाहीं.

पण हें झालें गव्हाच्या घरापुरतें. जुन्या कोंकणांत गहूं कितीसा होता? तेथें रोजचा भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, मासळी आणि नारळ. तांदूळ त्या पांच धान्यांत मोडत नाहीं. युरोपांतील बरेच यहुदी सणांत तांदूळहि वर्ज्य मानतात, परंतु बेने इस्रायल मानीत नाहींत. पाव हा पदार्थ तर पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्यांनीं दिलेलेंच नांव घेऊन राहिला. तेव्हां ज्या स्वयंपाकघरांत फुगलेली गव्हाची भाकर मुळीं नव्हतीच, त्यानें वल्हांडणांत वर्ज्य करावयाचें तरी काय, असा प्रश्न उभा राहतो. कोंकणच्या या लोकांनीं त्याला दिलेलें उत्तर त्यांनीं सणाला ठेवलेल्या नांवांतच आहे. ते त्याला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनस म्हणजे तोंडीलावण्यासाठीं घरांत भरून ठेवलेला एक आंबट रस. ढाकणें म्हणजे झांकणें. सण आला कीं त्या भांड्यावर झांकण पडे. घरांत आंबणारी, आंबलेली अशी जी वस्तु होती ती त्यांनीं बंद केली.

शास्त्राच्या काटेकोर दृष्टीनें याची गरज होती काय? बहुधा नव्हती. आंबटपणा हा दोष नाहीं. धान्याचें पीठ फुगणें हा दोष आहे. दहीं सणांत चालतें, लिंबू चालतें. त्यामुळें हा प्रकार म्हणजे मूळ धर्म विसरलेल्या लोकांची भाबडी समजूत, असें कोणी म्हणेल. तसें म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. या समाजाची परंपरा सांगते कीं, पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. ग्रंथ समुद्रांत गेले. पुढें शतकानुशतकें त्यांच्यापाशीं ना हिब्रू पुस्तक होतें, ना पंडित. शब्बाथ, सुंता, खवल्यांची मासळी आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढें त्यांनीं धरून ठेवलें. सणांना त्यांनीं आपलीं मराठी नांवें दिलीं : नव्याचा सण, खिरीचा सण, दारें लावून घेण्याचा तो दारफळणीचा सण. मिसर देश, फारो, समुद्र दुभंगणें हें सर्व ज्या घरांतून पुसट झालें असेल त्या घरांतहि सासूच्या हातून सुनेच्या हातीं एक गोष्ट पोंचत राहिली : या दिवसांत आंबवण झांकावयाचें. ग्रंथांतून हरवलेलें स्वयंपाकघरानें राखलें. आणि तें राखणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नसावी.

ही माहिती आज मिळते ती मुख्यतः हाइम सॅम्युएल केहीमकर यांच्यामुळें. मुंबईस बेने इस्रायल मुलांसाठीं १८७५ सालीं निघालेल्या शाळेच्या उभारणींत ते प्रमुख होते. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनीं इंग्रजींत लिहून १८९७ च्या सुमारास पुरा केला. पण तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें, लेखक हयात नसतांना. केहीमकरांच्या काळापर्यंत जुनीं नांवें मागें पडूं लागलीं होतीं. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईस पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं बांधलें. पुढें कोचीनहून जाणते शिक्षक आले. जॉन विल्सन या पाद्री गृहस्थांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनीं प्रार्थना मराठींत आणल्या. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हागादा १८७४ सालीं पुण्यास मराठी अर्थासह सचित्र निघाली. तिच्यांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकर तयार करतांना दाखविल्या आहेत. हें चित्र मुद्दाम पाहण्यासारखें आहे. लाटणारी, भाजणारी, सगळ्या आपल्याच आळींतल्या वाटाव्यात. अशा रीतीनें विसरलेला नियम परत आला आणि सणाला पुन्हां ‘पेसाह’ हें मूळ नांव मिळालें. झालें तें चांगलेंच झालें. मात्र खरें नांव कळल्यावर जुनें नांव सांगावयास लोकांना संकोच वाटूं लागला असेल, तर तें समजण्यासारखें असलें तरी हळहळ वाटावी असें आहे.

आतां सण आटोपल्यावरची व्यवस्था. पूर्वतयारी सर्वांना दिसते : घराला सफेदी होते, तांब्या-पितळेचीं भांडीं कल्हईवाल्याकडे जातात, मसाला व मीठ नव्यानें साफ करून वेगळें ठेवतात, सणाचीं म्हणून राखून ठेवलेलीं भांडीं खालीं उतरतात. परत आवरण्याचें काम कोणाला दिसत नाहीं, कारण तें रात्रीं होतें. आठव्या दिवशीं सूर्य मावळला, आकाशांत तीन तारे दिसले, म्हणजे सण संपला. मनुका भिजवून काढलेल्या रसावर आशीर्वाद म्हटला जातो आणि घरांतली बाई पदर खोंचते.

येथें क्रमाला फार महत्त्व आहे. नवखी सून पिठाचा डबा आधीं उघडूं लागली तर सासू तिला थांबवील : “अग, आधीं हीं वर जाऊं देत, मग तो डबा काढ.” सणाचीं भांडीं प्रथम धुवावयाचीं, पुसून अगदीं कोरडीं करावयाचीं, स्वच्छ फडक्यांत गुंडाळून माळ्यावर चढवावयाचीं. रोजचें पीठ तोंवर बंदच. कारण त्या भांड्यांना रोजच्या कणकेचा हात लागला तर पुढच्या वर्षीं तीं सणाला निरुपयोगी. मग एक तर उकळत्या पाण्यांतून काढा, नाहीं तर नवीं घ्या. सर्व वर गेल्यावर रोजचीं खालीं येतात. तीं आठ दिवसांपूर्वींच कल्हई होऊन आलेलीं, म्हणून लखलखतात. सणाची कल्हई अशी सण सरल्यावरच खरी उपयोगी पडते. मसाल्याची उरलेली पूड रोजच्या डब्यांत रिकामी करण्यास हरकत नसते. बेखमीर भाकरीचे उरलेले तुकडे निषिद्ध होत नाहींत. ते चुरून दुधांत घातले कीं मुलांची न्याहारी होते. हलेकसाठीं केलेला खजुराचा शिरा उरला असेल तर त्याची मात्र चिंता नको, तो उरत नाहीं.

यानंतर पिठाचा प्रश्न. मिश्ना या प्राचीन ग्रंथाचा दंडक असा कीं, यहुद्याच्या मालकीचें जें खमीर वल्हांडणांत तसेंच राहिलें तें सण संपल्यावरहि त्याला निषिद्ध. परधर्मीयाचें जें राहिलें तें मात्र चालतें. म्हणजे कोनाड्यांत विसरलेली कणकेची पुडी दुसऱ्या दिवशीं सांपडली तरी फेकलीच पाहिजे, आणि शेजारच्या वाण्याच्या दुकानांतलें पीठ खुशाल आणावें. स्वतः लपवून ठेवून पुन्हां काढण्याची पळवाट शास्त्रकारांनीं अशी बंद केली. नियम कडक आहे, पण त्याचा एक परिणाम विचार करण्यासारखा आहे : सणानंतरची पहिली फुगलेली भाकर यहुद्याला बहुधा शेजाऱ्याच्या पिठाची खावी लागते.

मोरोक्को देशांत याच गोष्टीचा एक गोड सोहळा झाला होता. सण संपल्याच्या रात्रीं तेथील यहुदी ‘मिमूना’ करीत. मुसलमान शेजारी पीठ, खमीर, दूध, मध घेऊन येत, आणि त्या पिठाच्या पातळ पोळ्या लोणी-मध लावून सर्व मिळून खात. त्या देशांतले बहुतेक यहुदी पुढें इस्रायलला गेले आणि मिमूना त्यांच्याबरोबर गेली; आज ती तेथें मोठी सार्वजनिक उत्सवाची रात्र आहे. पीठ आणणारा शेजारी तेवढा मागें राहिला. दुसरी युक्ति कायद्याची. गोदामेंच्या गोदामें भरलेलें धान्य जाळतां येत नाहीं, म्हणून तें सणापुरतें परधर्मीयाला रीतसर विकतात. इस्रायलचें सरकारसुद्धां आपल्या मालकीचें खमीर असें विकतें. जेरुसलेमजवळच्या अबू घोष गांवचे एक अरब गृहस्थ १९९७ पासून कित्येक वर्षें हा व्यवहार करीत आले. ते थोडा इसारा देतात, सण संपतो, उरलेली रक्कम कांहीं भरली जात नाहीं, आणि माल मूळ धन्याकडे परत येतो. हंसावयाचें तर हंसावें. पण दोहोंकडील माणसांचा एकमेकांवर भरवंसा असल्याखेरीज हा व्यवहार एक वर्षहि चालला नसता.

भांड्यांचाहि एक जुना वाद सांगण्याजोगा आहे. धातूचें भांडें उकळत्या पाण्यानें शुद्ध होतें. मातीचें होत नाहीं, कारण माती पदार्थ शोषून घेते. मग रोजच्या मातीच्या भांड्यांचें वल्हांडणांत काय करावयाचें? तिसऱ्या शतकांत बाबिलोनियांत रव आणि श्मुएल असे दोन थोर आचार्य होते. रव म्हणत, अशीं भांडीं फोडून टाका. श्मुएल म्हणत, फोडूं नका. सणापुरतीं बाजूला ठेवा आणि नंतर वापरा. लोक आपले रवच्या मतानें फोडीत, आणि सण संपतांच नव्या मडक्यांसाठीं बाजारांत गर्दी करीत. कुंभारवाड्यांत भाव चढले. तेव्हां श्मुएल यांनीं मडकीं विकणाऱ्यांना बजाविलें कीं, भाव रास्त ठेवा, नाहीं तर सवलतीचें मत चारचौघांत सांगून टाकीन. ही हकीकत तल्मूदांत आहे. धर्मशास्त्राच्या एवढ्या मोठ्या ग्रंथांत गरीब गृहिणीच्या मडक्याच्या किंमतीची काळजी वाहिलेली पाहून बरें वाटतें. कोंकणांतहि मडकें हेंच मुख्य भांडें होतें, आणि तेथेंहि ज्या घरीं चार मडकीं तेथें चारहि फोडणें परवडण्यासारखें नव्हतें. झांकण घालून बाजूला ठेवणें हें श्मुएलचें मत होतें. अनशीच्या भांड्याचेंहि तेंच झालें, श्मुएलचें नांव कोंकणांत कोणी ऐकलें नसतां.

त्या भांड्याविषयीं एक गोष्ट कोणतीहि मुरलेली गृहिणी सांगेल. आंबट रस झांकून ठेवला म्हणजे आंबणें थांबत नाहीं. चैत्राच्या उष्म्यांत तें वाढतें. सणानंतर झांकण काढल्यावर पहिल्या दिवशींच्या कालवणांत नेहमीचें माप घातलें तर सर्वांचे दांत आंबतील. तेव्हां थोडा थोडा घालून चाखून पाहिला पाहिजे. हें कोणत्याहि ग्रंथांत नाहीं.

आज कोंकणच्या गांवांतून बेने इस्रायल घरें फारच थोडीं उरलीं आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांतील यहुद्यांची संख्या वीस हजारांहून अधिक होती. १९४८ सालीं इस्रायलचें राज्य झाल्यावर बहुसंख्य तिकडे गेले. राहिले त्यांतील पुष्कळसे मुंबई व ठाणें येथें आहेत. ठाण्याचें ‘शआर हाशामाईम’ हें प्रार्थनामंदिर १८७९ सालचें. आगाशीकरांना तें तसें दूर नाहीं, वसईची खाडी ओलांडली कीं आलें. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. शहरांतल्या घराला माळा नसतो, मडकें नसतें; शीतकपाट पुसावें लागतें, मिक्सरचें भांडें वेगळें ठेवावें लागतें, आणि गव्हाचें पीठ पिशवींतून येतें. क्रम मात्र तोच आहे : आधीं सणाचें वर, मग रोजचें खालीं.

एक फरक मात्र नवा पडला आहे. इस्रायल देशांत वल्हांडण सात दिवसांचा. देशाबाहेर आठ दिवसांचा. पूर्वीं नवा चंद्र दिसल्याची बातमी दूरच्या लोकांना वेळेवर पोंचत नसे, म्हणून खबरदारीचा एक दिवस अधिक धरीत, तो पुढें कायम झाला. त्यामुळें एकाच आईच्या पोटचा एक भाऊ ठाण्यास व एक अश्दोद किंवा दिमोना येथें असेल, तर धाकट्याच्या घरीं सातव्या दिवशीं दिवेलागणीनंतर भांडीं माळ्यावर जातात आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाव येतो. थोरल्याच्या घरीं त्या सकाळीं अजून सण असतो, तव्यावर तांदळाची भाकरी असते, आणि पिठाचा डबा उघडावयास संध्याकाळपर्यंत थांबावें लागतें.